निळा कोपरा उजवीकडे

व्हर्जिल : ध्वज म्हणजे नुसतं कापड नव्हे, ओपल. ध्वज म्हणजे राष्ट्राचा आत्मा. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्याला जमीन लागू दिली नाही, त्याच्यावर धुळीचा कण बसू दिला नाही, आणि माझ्या कुडीत प्राण आहे तोवर ह्या गावात त्याचा अवमान—

ओपल : व्हर्जिल, तुझा डावा बूट आत्म्यावर आहे.

(नेब्रास्कातलं एक लहान गाव, तीन जुलैची दुपार. मेथडिस्ट चर्चच्या तळघरात फरशीवर वर्तमानपत्रं, त्यांवर मोठी पांढरी चादर, आणि चादरीवर लहान मुलांच्या रंगवलेल्या तळव्यांच्या ठशांनी उमटवलेला देशाचा झेंडा. व्हर्जिल अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, गावच्या माजी सैनिक संघाचा अध्यक्ष, इस्त्रीच्या गणवेशात. ओपल त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, उन्हाळ्यात इथे शिशुवर्ग चालवते. पाच वर्षांची टिली दोन्ही हात वर करून उभी आहे.)

टिली : मिस ओपल, हे रांगेत नाही आले. मधेच घुसले.

ओपल : मोठ्या माणसांना रांग नसते, टिली. म्हणून तर सगळं असं चाललंय. व्हर्जिल, पाय उचल. सरळ वर. घासू नकोस. हं. चौथा पट्टा पांढरा होता, आता त्याच्यावर एक लाल बूट आहे.

व्हर्जिल : ध्वज जमिनीवर पसरायचाच नसतो. ध्वजसंहितेत स्पष्ट म्हटलंय. ही पुस्तिका बघ.

ओपल : एकवीस मुलं आहेत. सगळ्यात उंच आहे तो माझ्या कमरेला लागतो. चादर छताला टांगायची तर मुलंही टांगावी लागली असती, आणि त्याबद्दलही कुठेतरी पुस्तिका असेलच.

व्हर्जिल : ही मुलगी हात वर करून का उभी आहे?

ओपल : शरण आलीय. बाकीचे वीस जण वरच्या खोलीत झोपलेत, ही दुपारची झोपत नाही. हात खाली केले की भिंत निळी होते, म्हणून आमच्यात तह झालाय.

टिली : माझ्या नाकाला खाज आलीय.

ओपल : स्वातंत्र्यासाठी लोकांनी याहून जास्त सोसलंय. ये इकडे, मी खाजवते. आणि आता बुटाचं काहीतरी करायला हवं. टिली, हात दोन्ही निळे आहेत ना?

टिली : हो. पण पाय रिकामे आहेत.

ओपल : हुशार. तो पांढऱ्या रंगाचा ट्रे घे, एक पाय बुडव आणि बुटावर ठेव. टाच आधी.

व्हर्जिल : ध्वजावर पाय?

ओपल : तुझ्या अकरा नंबरपेक्षा बरा. वजनही कमी आहे. छान, टिली. आणखी एकदा. आता तो बूट ढगात गेला.

व्हर्जिल : हे मी पाहिलं नाही.

ओपल : उत्तम. तसंच न बघता त्या कागदावर सही कर आणि जा. पाचच्या आत मिरवणूक समितीकडे पोचवायचाय.

व्हर्जिल : आधी पाहणी. ह्या गावची रीत आहे, चार जुलैच्या स्वातंत्र्यदिन मिरवणुकीतला पहिला झेंडा आमच्या संघानं तपासल्याशिवाय निघत नाही. माझे डोळे फिरल्याशिवाय माझी सही होत नाही.

ओपल : रीत मला पाठ आहे. सही झाली की मुलं सगळ्यांच्या पुढे. नाही झाली की नेहमीच्या जागी, घोड्यांच्या मागे.

टिली : मागच्या वर्षी घोड्यानं माझ्या बुटावर केलं.

ओपल : केलं. आणि तरी तू बागेपर्यंत हात हलवत राहिलीस. पदक द्यायला हवं होतं, पण त्याला म्हणे युद्ध लागतं.

व्हर्जिल : तारे किती आहेत?

ओपल : एकवीस. ते पांढरे हात.

व्हर्जिल : राज्यं पन्नास आहेत.

ओपल : पटावर एकवीस आहेत. उरलेल्या राज्यांच्या आयांनी मुदतीत नाव नोंदवलं नाही.

टिली : मी हवाई आहे. ती बघा, करंगळी वाकडी आहे ना, ती मी.

व्हर्जिल : आणि पट्टे? नऊ, दहा, अकरा. तेरा हवेत, मूळच्या तेरा वसाहतींचे.

ओपल : चादर संपली. दोन वसाहती गादीखाली दुमडल्या गेल्या असं समज.

व्हर्जिल : ओपल, ही थट्टा नाही.

ओपल : तू सैन्यात दोन वर्षं भांडारात घोंगड्या मोजल्यास. चादर कुठे संपते हे तुला मी सांगायचं?

व्हर्जिल : घोंगड्या मोजणं हीही देशसेवाच. थंडीत कुडकुडणाऱ्या पलटणीला विचार.

ओपल : टेक्ससमध्ये मोजल्यास.

व्हर्जिल : टेक्ससमध्ये रात्री गार होतं. थांब. बोलू नकोस. निळा कोपरा कुठे आहे?

ओपल : तुझ्या डोळ्यांसमोर. वर.

व्हर्जिल : वर आहे. पण उजवीकडे आहे.

ओपल : कुणाच्या उजवीकडे?

व्हर्जिल : माझ्या. तुझ्या. सगळ्या जगाच्या. झेंडा समोरून बघितला की निळा कोपरा डावीकडे असतो, ओपल. जन्मल्यापासून डावीकडे आहे. टपालाच्या तिकिटावर, शाळेच्या भिंतीवर, तुझ्या त्या बिस्किटांच्या डब्यावरसुद्धा.

टिली : मिस ओपल बिस्किटांचा डबा बघतायत.

ओपल : मिस ओपल विचार करतायत.

व्हर्जिल : दोन सकाळी एकवीस मुलं ह्याच्यावर ओणवी होती. एकाच्याही लक्षात आलं नाही?

ओपल : त्यांतल्या नऊ जणांना कुठला बूट कुठल्या पायात घालायचा ते कळत नाही. त्यांच्याकडून तुझी फार अपेक्षा आहे.

व्हर्जिल : आणि तुझ्याकडून?

ओपल : आखणी मी मागून केली. पेनच्या रेघा पुढून दिसू नयेत म्हणून. निळा चौकोन डावीकडेच काढला, अगदी डब्यावर आहे तसा. मग चादर उलटवली. पातळ कापड, रेघा अंधूक दिसत होत्या, त्या धरून एकेकाचा हात टेकवला. उलटवलं की डावं उजवीकडे जातं, हे डोक्यात यायला हवं होतं. पण डोक्यात तेव्हा एवढंच होतं की लाल रंग कुणी चाटू नये.

टिली : चाटला. त्या जुळ्यांनी.

व्हर्जिल : हा निसर्गाचा साधा नियम आहे.

ओपल : मग निसर्गानं निदान एक चिठ्ठी ठेवायची. बरं, जाऊ दे. उद्या मागची बाजू पुढे करून धरू. कोपरा आपोआप डावीकडे येईल. ते टोक धर जरा, बघू. हं.

व्हर्जिल : हे काय आहे?

ओपल : ही मागची बाजू. लाल पट्टे गुलाबी झालेत आणि निळ्याचा ढग झालाय. पांढरा रंग आरपार गेलाच नाही. तारा एकही नाही.

टिली : मग माझा हात कुठे दिसणार?

ओपल : मागून नाही दिसणार, बाळा.

टिली : पण मी आईला सांगितलंय. वरून तिसरी ओळ, वाकडी करंगळी. ती कामावरून सुट्टी काढून येणारे.

ओपल : एकवीस आया हेच ऐकून येणार आहेत. मागची बाजू बाद. आणि दुसरी चादर रंगवायची तर उद्या नऊपर्यंत वाळत नाही. तर व्हर्जिल, कोपरा उजवीकडे आहे. देश दोनशे वर्षं टिकला, एक सकाळ उजवीकडून काढील.

व्हर्जिल : मी सही करू शकत नाही.

ओपल : नाही?

व्हर्जिल : निर्णय सोपा आहे. मुलं घोड्यांच्या मागे. आणि पुढे संघाचा खरा झेंडा, दरवर्षीसारखा.

ओपल : आणि तो धरणार कोण?

व्हर्जिल : दरवर्षी धरतो तोच.

ओपल : अस्सं. घोडं पेंड खातंय ते इथे तर.

व्हर्जिल : मी संहितेबद्दल बोलतोय.

ओपल : तू दंतवैद्याच्या गाडीबद्दल बोलतोयस.

व्हर्जिल : बरं, काढलाच आहेस विषय तर बोलतो. चौतीस वर्षं मी ह्या मिरवणुकीच्या पुढे पायी चाललो. आणि समितीनं एका संध्याकाळी सात विरुद्ध एक मतानं मला उघड्या गाडीत बसवलं. छातीवर आडवा पट्टा, हातात कागदाचा झेंडा, हलवायला. मिरवणुकीचा मानकरी.

ओपल : मान आहे तो.

व्हर्जिल : मानकरी म्हणजे ज्याला चालता येत नाही तो. मागच्या वर्षीचा मानकरी आठवतो? नाकात नळी होती.

ओपल : यंदा तो नाही. म्हणून तर जागा रिकामी झाली.

टिली : गाडीतून गोड गोळ्या फेकतात. मला गाडी आवडते.

व्हर्जिल : सात विरुद्ध एक. ते एक मत निदान तुझं होतं, ह्याचं मला समाधान आहे.

ओपल : ते एक मत तुझं होतं. तू हात वर केलास तेव्हा मी शेजारीच बसले होते.

व्हर्जिल : म्हणजे तू...

ओपल : मी गाडीला मत दिलं.

व्हर्जिल : साठ वर्षांची ओळख, ओपल.

ओपल : म्हणूनच दिलं. मागच्या वर्षी औषधाच्या दुकानासमोर तू पडलास.

व्हर्जिल : पडलो नाही. थांबलो.

ओपल : जमिनीवर थांबलास.

व्हर्जिल : तिथे उतार आहे.

ओपल : ह्या तालुक्यात उतार नाही, व्हर्जिल. इथे सांडलेल्या दुधाला कुठे जावं ते सुचत नाही.

व्हर्जिल : झेंडा टेकला नाही.

ओपल : झेंडा नाही टेकला. तू टेकलास. गुडघ्यावर बसून काठी वर धरलीस आणि कुणाला हात लावू दिला नाहीस. मागे वाजंत्रीवाले एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. लोकांना वाटलं यंदा नवी कवायत बसवलीय. टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. मी बर्फ आणायला धावत होते, ह्या वयात, चर्चच्या चपलांत.

व्हर्जिल : बर्फाबद्दल मी आभार मानले होते.

ओपल : नव्हते मानलेस. तू म्हणालास, बर्फ जास्त आहे.

टिली : तेव्हा आम्ही घोड्यांच्या मागे होतो. आम्हाला काहीच दिसलं नाही. फक्त घोडा.

व्हर्जिल : संघात आता किती जण आहेत, माहितीय तुला?

ओपल : फलकावर नऊ नावं आहेत.

व्हर्जिल : सहा जण गावाबाहेरच्या दफनभूमीत आहेत. नावं काढायला ठराव लागतो, ठरावाला बैठक लागते आणि बैठकीला पाच जण लागतात, म्हणून ते अजून सभासद आहेत. लॉईड शुश्रूषागृहात. मी गेलो की मला भाऊ समजून शिव्या देतो. मर्लला मुलगी ॲरिझोनाला घेऊन गेली. राहिला कोण? ज्या दिवशी मी गाडीत बसेन, त्या दिवशी संघ गाडीत बसला. मग पुढल्या वर्षी कपाटात.

ओपल : हे तू बैठकीत का नाही बोललास?

व्हर्जिल : बैठकीत मी परंपरेवर बोललो.

ओपल : चाळीस मिनिटं. आत्ता बोललास त्याला एक मिनिट लागलं. मी तेव्हा हे ऐकलं असतं तर माझा हात वर जाताना दोनदा विचार केला असता.

व्हर्जिल : फक्त विचार?

ओपल : तुझा गुडघाही बघितलाय मी.

टिली : मिस्टर व्हर्जिल, तुमच्या झेंड्याचा निळा कोपरा कुठे असतो?

व्हर्जिल : काठीला लागून. निळा नेहमी काठीकडे.

टिली : आणि काठी कुठे असते?

व्हर्जिल : माझ्या हातात. मी पुढे चालतो, कापड माझ्या मागे उडतं.

टिली : मग निळा पुढे.

व्हर्जिल : निळा पुढे. झेंडा चालून जातोय असं दिसायला हवं. निळा मागे गेला की तो पळ काढतोय असं दिसतं.

टिली : मी लहान होते तेव्हा आईबरोबर बँकेसमोर बसले होते. तुम्ही आलात आणि तिकडे गेलात. ह्या हाताकडे.

ओपल : तो तुझा उजवा हात, टिली.

टिली : मग तुमचा पण निळा ह्या हाताकडे होता. आमच्यासारखा.

ओपल : व्हर्जिल.

व्हर्जिल : थांब.

ओपल : बँक आपल्या उजव्या बाजूला येते. ही तिथे बसली, तू पुढे निघालास, निळा तुझ्या काठीपाशी...

व्हर्जिल : मला कळलं. थांब. अर्थातच. मी मघापासून हेच सांगतोय.

ओपल : मघापासून तू आत्म्याबद्दल सांगत होतास.

व्हर्जिल : चादर रस्त्यात आडवी धरायचीच नाही. चूक तिथे होतेय. रस्त्याच्या लांबीनं धरायची. एक काठी पुढे, एक मागे, मधे मुलांनी खालची कड उचलायची. निळा पुढच्या काठीपाशी. उजव्या फुटपाथवरून बघणाऱ्याला तो उजवीकडेच दिसणार आणि तो बरोबरच असणार. लष्करी विमानाच्या उजव्या अंगावर असाच रंगवलेला असतो. संहितेत चोख बसतं. ह्यात एक अक्षर बदलायला नको.

ओपल : म्हणजे माझी चूक म्हणजे लष्करी शिस्त होती.

व्हर्जिल : योगायोगानं.

ओपल : आणि डाव्या फुटपाथवरून? तिकडे गुलाबी पट्टे आणि ढग.

व्हर्जिल : डावीकडे कोण बसतं?

ओपल : ल्यूथरन चर्चची मंडळी. सावली असते तिकडे.

व्हर्जिल : ते तक्रार करत नाहीत.

ओपल : नाही करत. फक्त पन्नास वर्षं लक्षात ठेवतात. चालेल. आज संध्याकाळी एकवीस घरी निरोप धाडते, खुर्च्या बँकेच्या बाजूला टाका म्हणून. टिली, तुझी करंगळी वाचली.

टिली : हात खाली करू?

ओपल : नाही. तह चालू आहे. बरं, मागची काठी मी धरते. पुढची कोण?

व्हर्जिल : पुढच्या काठीला अनुभवी माणूस लागेल. उंच. दहाच्या सुमाराला पश्चिमेचा वारा सुटतो, एवढी मोठी चादर शिडासारखी ओढते.

ओपल : पास्टरांना विचारू?

व्हर्जिल : ते डावीकडे झुकतात.

ओपल : चालताना?

व्हर्जिल : सगळ्या बाबतींत.

ओपल : मग टपाल कचेरीतला तो उंच?

व्हर्जिल : त्याला पाऊल टाकता येत नाही. टपालासारखाच चालतो, कधी पोचेल ते सांगता येत नाही.

ओपल : मग कोण बरं. अवघड आहे.

व्हर्जिल : संघाचा अध्यक्ष ह्या नात्यानं मी स्वतःची नेमणूक करतो.

ओपल : शाळेच्या निरोपाच्या नाचाला पण तू अशीच स्वतःची नेमणूक केली होतीस. "ओपल, तुझ्याबरोबर मी येणार आहे." विचारायचं असतं, व्हर्जिल.

व्हर्जिल : तू आलीस की.

ओपल : आले. आणि नंतर लग्न केलं ते विचारणाऱ्या माणसाशी. तर विचार.

व्हर्जिल : ह्या मुलीसमोर?

टिली : मी डोळे मिटते.

व्हर्जिल : ओपल, उद्या मला पुढची काठी धरायला मिळेल का?

ओपल : मिळेल. बघ, कुणी मेलं नाही.

व्हर्जिल : आणि समिती?

ओपल : सात जणांतली चार माझी भाचरं आहेत. त्यांना मी आज जेवायला बोलावते. दंतवैद्याच्या गाडीचं मात्र तू सांग. त्यानं ती दोन दिवस घासलीय.

व्हर्जिल : गाडी येऊ दे. मागून. "मानकरी" अशी पाटी लावून. रिकामी.

ओपल : रिकामा मानकरी. गावाला फरक कळणार नाही.

टिली : मी बसू त्याच्यात?

ओपल : तू हवाई आहेस. हवाईनं चादर धरून चालायचं असतं. आता डोळे उघड. व्हर्जिल, हे पेन. सही इथे, खाली. टिलीपासून लांब उभा राहून कर, कागदाची एकच प्रत आहे.

व्हर्जिल : "तपासले. संहितेनुसार योग्य." तारीख. हे घे. तारे एकवीस असल्याचं मी लिहिलेलं नाही.

ओपल : आणि बूट?

व्हर्जिल : कुठला बूट?

टिली : तुमचा. माझ्या पायाखाली आहे.

व्हर्जिल : मग ठरलं. उद्या सकाळी बरोबर नऊ. सैनिक वेळ चुकवत नाही. पाण्याच्या टाकीपासून बागेपर्यंत नऊ चौक, एकदाही न थांबता. कणा ताठ, नजर समोर, डावं पाऊल आधी. कुणी गोळी उचलायला वाकायचं नाही. कुणी मागे वळून बघायचं नाही. ह्या गावानं चौतीस वर्षांत असं संचलन पाहिलं नसेल. पुढे राष्ट्राचा ध्वज, त्याच्या सावलीत राष्ट्राची पुढची पिढी, आणि औषधाच्या दुकानासमोरून आपण सगळे असे जाणार, असे जाणार, की लोक उठून उभे राहतील.

ओपल : ऐकलंस, टिली?

टिली : हो. गोळी उचलायची नाही.

व्हर्जिल : निघतो मी.

ओपल : जिन्याची दुसरी पायरी सुटलीय. कठडा धर.

व्हर्जिल : मला जिना चढता येतो.

ओपल : बरं.

व्हर्जिल : ओपल.

ओपल : हं?

व्हर्जिल : उद्या मुलांना जरा हळू चालायला सांग.